बाम्बर्गच्या टेकडीवरचे शेजारी

दक्षिण जर्मनीतल्या बाम्बर्गला टेकडीवर एक उतरता, दगडी फरशीचा चौक आहे. एका अंगाला चार मनोऱ्यांचं कॅथीड्रल, त्याला जवळजवळ खेटून बिशपचा जुना वाडा, आणि समोर त्याच बिशपांचा नवा, लांबलचक, खिडक्याच खिडक्यांचा राजवाडा. मी एर्लांगेनला राहते, तिथून लोकल गाडीने बाम्बर्ग अर्ध्या तासावर. भारतातून पाहुणे आले की बाम्बर्ग ठरलेलंच असतं. पाहुणे कॅथीड्रलमध्ये रमतात, मला मात्र हल्ली समोरच्या वाड्यांचंच कुतूहल जास्त. कॅथीड्रलमध्ये बिशपांनी स्वतःला जगासमोर जसं मांडलं तसे ते दिसतात. ते खरे कसे होते, ते वाड्यांत कळतं. आणि या गावात तर एकाच बिशपपदाचे वाडे टेकडीवरून डोंगरावर, डोंगरावरून नदीकाठी आणि नदीकाठून परत टेकडीवर असे फिरत राहिले.

मुळात हे बिशपपद जन्माला आलं तेच एका निपुत्रिक जोडप्यामुळे. दुसरा हाइनरिश हा जर्मनांचा राजा, पुढे १०१४ साली रोममध्ये त्याला सम्राटपदाचा मुकुट मिळाला. त्याची राणी कुनिगुंडे. मूल होण्याची आशा उरली नव्हती, तेव्हा राजाने ठरवलं की ख्रिस्तालाच वारस करायचं. त्यासाठी त्याने गाव निवडलं बाम्बर्ग, आणि बाम्बर्ग तर त्याने लग्नात कुनिगुंडेला दिलेलं, म्हणजे चक्क तिचं स्त्रीधन. ती राजी होती. तिच्या माहेरच्यांना, लक्झेंबर्गच्या भावांना, हे मुळीच रुचलं नाही. त्याहून मोठी अडचण व्युर्त्सबुर्गच्या बिशपाची होती. नव्या पदासाठी जो मुलूख लागणार, त्यातला मोठा भाग त्याच्या अखत्यारीतला. बदल्यात आपल्याला आर्चबिशप, म्हणजे बिशपांचा वरिष्ठ, करतील अशी त्याला आशा दाखवली होती, ती काही पुरी होईना, मग तो रुसला आणि सभेला आलाच नाही.

ती सभा १ नोव्हेंबर १००७ रोजी फ्रँकफर्टला भरली. त्या काळचा इतिवृत्तकार, मेर्सेबुर्गचा बिशप थिएटमार, याने लिहून ठेवलंय की जमलेल्या बिशपांचा कल विरुद्ध जातोय असं वाटलं की राजा उठायचा आणि त्यांच्यासमोर जमिनीवर साष्टांग पडायचा. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शेवटी बिशपांनी मान तुकवली. भक्ती म्हणा, मुत्सद्देगिरी म्हणा, मला तरी त्यात दोन्ही दिसतं. राजा पायाशी लोळण घेतोय म्हटल्यावर नाही म्हणणार कोण?

६ मे १०१२ रोजी पहिल्या कॅथीड्रलचं उद्घाटन झालं. तारीख राजाच्या वाढदिवसाची. ते देऊळ १०८१ च्या आगीत होरपळलं, दुरुस्त झालं, ११८५ मध्ये पुन्हा जळालं. आज आपण बघतो ते त्यानंतर उभारलेलं, १२३७ साली पुरं झालेलं. त्याचंही उद्घाटन ६ मे रोजीच.

हे दुसरं कॅथीड्रल बांधणाऱ्यांतला मुख्य बिशप एकबर्ट. त्याची हकीकत सांगायची तर आधी शेजारच्या वाड्यात शिरावं लागतं.

२१ जून १२०८. टेकडीवर लग्न होतं. राजा फिलिप, म्हणजे होहेनश्टाउफेन घराण्यातल्या सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाचा धाकटा मुलगा, आपल्या पुतणीचं, बुर्गुंडीच्या बेआट्रिक्सचं लग्न लावून द्यायला आला होता. नवरदेव बिशप एकबर्टचा सख्खा भाऊ, आन्डेक्स-मेरानिएन घराण्यातला ओटो. म्हणजे यजमान बिशप, व्याही राजा. दहा वर्षं चाललेलं गादीचं यादवी युद्ध फिलिपने जवळजवळ जिंकलं होतं, त्यामुळे सगळे खुशीत. दुपारी राजा बिशपच्या वाड्यात विश्रांती घेत होता. शिरेतून रक्त काढून घ्यायची तेव्हाची पद्धत, ते करून घेऊन पडला होता. तेवढ्यात ओटो फॉन विटेल्सबाख हा सरदार आत आला. हातात तलवार होती, पण ओळखीचा माणूस, कोणाला संशय येणार? राजाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरून मोडलं होतं, त्याचा राग मनात होता, असं सांगतात. त्याने राजाच्या मानेवर वार केला आणि पळाला. राजा तिथल्या तिथे गेला. गरोदर राणी, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची राजकन्या इरेने, होहेनश्टाउफेनच्या किल्ल्यावर पोचली आणि दोन महिन्यांत बाळंतपणात गेली. मारेकऱ्याला पुढच्या वर्षी राजाच्या माणसांनी रेगेन्सबुर्गजवळ गाठून ठार केलं.

आणि यजमान? संशय थेट त्याच्यावर आणि त्याचा दुसरा भाऊ हाइनरिश याच्यावर गेला. दोघांना कायद्याबाहेर घोषित केलं. एकबर्ट पळून हंगेरीला बहिणीकडे गेला, ती तिथली राणी होती. काही वर्षांनी आरोप मागे पडले, तो परत आला आणि त्याच टेकडीवर, त्याच वाड्याशेजारी, जर्मनीतल्या सर्वांत देखण्या कॅथीड्रलांपैकी एक बांधून घेतलं. तो खरोखर कटात सामील होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला तो दोषी की निर्दोष यापेक्षा वेगळीच गोष्ट खटकते. मेलेल्या राजाला आधी इथल्याच कॅथीड्रलमध्ये पुरलं होतं, आणि १२१३ मध्ये त्याचं शव उचलून श्पायरला नेलं. पाहुण्याचा खून झालेल्या घरात पाहुण्याला किती काळ ठेवणार!

कॅथीड्रलचं रूप एकजिनसी नाही, आणि तेच मला आवडतं. पूर्वेकडचा भाग गोल कमानींचा, जाड भिंतींचा. पश्चिमेकडे जाल तसतशा कमानी टोकदार होत जातात. पश्चिमेचे मनोरे पाहिले की फ्रान्समधल्या लाँच्या कॅथीड्रलची नक्कल लगेच ओळखू येते. बांधकाम चालू असताना गवंड्यांना फ्रान्समधली नवी टूम कळली, असं म्हणायला हरकत नाही. गाभारेही दोन, समोरासमोर. पूर्वेला संत जॉर्जचा, पश्चिमेला संत पीटरचा. पश्चिमेकडे पोप दुसरा क्लेमेंट याची कबर आहे. तो आधी इथला बिशप होता. १०४६ मध्ये पोप झाला तरी बाम्बर्गचं पद काही त्याने सोडलं नाही, वर्षभरात मेला आणि त्याला इथेच आणून पुरलं. आल्प्सच्या उत्तरेला पोपची एवढी एकच कबर उरली आहे. विसाव्या शतकात कबर उघडून हाडं तपासली तेव्हा त्यांत शिसं भरपूर निघालं. मग विषप्रयोगाची कुजबूज पुन्हा सुरू झाली.

मधोमध, पूर्वेच्या गाभाऱ्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांशी, हाइनरिश आणि कुनिगुंडेची कबर आहे. टिलमन रीमेनश्नायडरने १४९९ ते १५१३ अशी चौदा वर्षं ती कोरली. साताऱ्याहून आलेल्या मावशीला मी तिथे खाली वाकवलं, कारण खरी मजा वरच्या दोन आडव्या पुतळ्यांत नाही, बाजूच्या पट्ट्यांत आहे. एकात कुनिगुंडे तापलेल्या नांगरफाळांवरून अनवाणी चालतेय. नवऱ्याने तिच्या पातिव्रत्यावर संशय घेतला होता.

"अगं, ही तर सीतामाईचीच गोष्ट की," मावशी म्हणाली. "आणि तो बघ, नुसता उभा आहे बाजूला."

दुसऱ्या पट्टीत राणी मजुरांना वाडग्यातून मजुरी देतेय. ज्याने जितकं काम केलं तितकंच नाणं त्याच्या हाताला लागतं, अशी ती दंतकथा. एक मजूर वाडग्यात हात घालतोय, आणि त्याच्या चेहऱ्यावर आपल्याला जास्त मिळतंय का याचा हिशेब स्पष्ट दिसतो, निदान मला तरी. तिसऱ्यात राजाचा मुतखडा संत बेनेडिक्ट स्वतः येऊन काढतोय. खडा राजाच्या हातात दिलाय. मावशीला स्वतःला तो त्रास होऊन गेलेला, तिने हे शिल्प बराच वेळ पाहिलं.

बाहेर पडताना तिने विचारलं, "हा बिशप म्हणजे साधू की राजा गं?" मी म्हटलं, "दोन्ही, मावशी." तेराव्या शतकापासून बाम्बर्गचा बिशप हा स्वतंत्र मुलुखाचा सत्ताधीश होता. कर गोळा करायचा, न्याय द्यायचा, फाशी द्यायचा, सैन्य ठेवायचा, आणि रविवारी मिस्सा म्हणायचा. हे एकदा ध्यानात आलं की इथल्या पुतळ्यांकडे बघायची नजर बदलते.

प्रसिद्ध घोडेस्वार घ्या. पूर्वेच्या गाभाऱ्याच्या खांबाला लागून, माणसाच्या उंचीच्या वर, घोड्यावर बसलेला एक तरुण मुकुटधारी राजा. अंगावर चिलखत नाही, कमरेला तलवार नाही. आज तो करडा दगडी दिसतो, पण एके काळी रंगवलेला होता, रंगाचे अंश सापडले आहेत. हा कोण, यावर शेकडो वर्षं वाद आहे. कोणी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन म्हणतं, कोणी एखादा होहेनश्टाउफेन राजा, पण हंगेरीचा संत स्टीफन हा बऱ्याच जणांचा कौल. तो हाइनरिशचा मेव्हणा. एकबर्टला आसरा मिळाला तोही हंगेरीतच, हे लक्षात घेता मीही त्याच बाजूची. पुढे १९२० च्या शंभर मार्कांच्या नोटेवर या स्वाराचं डोकं छापलं गेलं, आणि मग नाझींनी त्याला आदर्श जर्मन पुरुष करून टाकलं. हंगेरीचा राजा असला तर फजितीच म्हणायची.

उत्तरेच्या दारावरच्या दोन स्त्रियांचे मूळ पुतळे १९३७ पासून आत ठेवले आहेत. एक एक्लेसिया, म्हणजे ख्रिस्ती धर्म: मुकुट घातलेली, ताठ. दुसरी सिनागोगा, म्हणजे ज्यू धर्म: डोळ्यांवर पट्टी, हातातला दंड मोडलेला, अंगावरचं वस्त्र इतकं तलम की शिल्पकाराचा हात तिच्यावरच जास्त फिरलाय असं वाटतं. मूळ जागी तिच्या खालच्या खांबावर एका ज्यू माणसाचे डोळे सैतान उपटतोय असं कोरलेलं आहे. १२९८ च्या दंगलीत बाम्बर्गच्या ज्यूंची कत्तल झाली, तेव्हा हा खांब उभा राहून दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या. सौंदर्य आहे म्हणून मी हे पुतळे टाळत नाही, पण पाहुण्यांना नुसतं 'किती सुंदर' म्हणू देऊन पुढे जाऊ देत नाही.

वाड्यांकडे वळू. टेकडीवर बिशप आणि कॅथीड्रलचे धर्माधिकारी राहत, त्यांच्या हद्दीत शहराचे कर लागू नव्हते की शहराचं कोर्ट चालत नव्हतं. खाली नदीकाठी व्यापारी आणि कारागीर कर भरत होते. १४३० मध्ये हुसाइट, म्हणजे बोहेमियातल्या बंडखोर ख्रिस्ती पंथाचं, सैन्य चालून आलं, गावाभोवती धड तट नव्हता, खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. मग नागरिक म्हणाले, तट बांधायचा तर खर्च सगळ्यांनी उचला. टेकडीवाल्यांनी नकार दिला. दहाएक वर्षं भांडण चाललं आणि नागरिक हरले. पुलाच्या मधोमध, नदीतल्या कृत्रिम बेटावर उभं असलेलं जुनं टाउन हॉल बघून गाइड सांगतात की बिशपाने जागा दिली नाही म्हणून लोकांनी पाण्यात बांधलं. दंतकथा असेल, पण लोकांना ती का सांगावीशी वाटते ते कळतं.

गावाशी असं नातं असलेला बिशप गावात झोपेल कसा? चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो वरच्या आल्टेनबुर्ग किल्ल्यावर राहू लागला. १५२५ मध्ये शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा बिशप वायगांड तिथेच दडून बसला. १५५३ च्या युद्धात तो किल्ला जाळला गेला. मग कॅथीड्रलशेजारच्या जुन्या वाड्याची डागडुजी झाली. सोळाव्या शतकातली कचेरीची इमारत आणि तिला लागून १५७३ चं कोरीव दार आजही आहे. दारावर मेरी, हाइनरिश, कुनिगुंडे, आणि दोन्ही बाजूंना लोळत पडलेल्या माइन आणि रेग्निट्झ या नद्या. आत गेलं की मोठं अंगण, सभोवती उतरती छपरं आणि लाकडी सज्जे. उन्हाळ्यात तिथे नाटकं होतात. राजाचा खून झाला तो वाडा याच आवारात होता, आता त्याचा थोडासाच भाग शिल्लक आहे. पुढे नदीकाठी गायर्सव्योर्थचा वाडाही बांधला गेला.

याच दरबाराने १५०७ मध्ये एक फौजदारी कायदा छापला होता. बिशपचा कारभारी योहान फॉन श्वार्त्सेनबेर्ग याने तो लिहिला. त्यात असं होतं की पुरेसे पुरावे हाती असल्याशिवाय आरोपीचा छळ करता येणार नाही. त्या काळात ही पुढची पायरी होती, आणि १५३२ चा अख्ख्या साम्राज्याचा फौजदारी कायदा याच्यावरून बेतला गेला. आणि शंभर वर्षांनी याच दरबाराने चेटकीण म्हणून माणसं जाळली. १६१२ ते १६३१ च्या दरम्यान या एवढ्याशा मुलुखात सुमारे हजार जण मारले गेले, त्यांतले बहुतेक बिशप योहान गेओर्ग फुक्स फॉन डॉर्नहाइमच्या काळात. १६२७ मध्ये त्याने या कामासाठी स्वतंत्र तुरुंगच बांधला. बायकांच्या बरोबरीने श्रीमंत पुरुषही पकडले गेले. खटल्यांना विरोध करणारा खुद्द बिशपचा चान्सलर गेओर्ग हान, त्याची बायको आणि मुलगी, तिघंही मारले गेले.

शहराचा महापौर योहानेस युनिउस याला १६२८ च्या उन्हाळ्यात धरलं. २४ जुलै रोजी त्याने तुरुंगातून मुलीला, वेरोनिकाला, पत्र लिहिलं. अंगठे पिळायच्या चापाने हात असे निकामी केले होते की कित्येक आठवडे ते वापरता आले नव्हते, अक्षर वेडंवाकडं झालंय म्हणून तो आधीच सांगतो. मी निर्दोष आहे, पण जल्लादानेच हात जोडून विनवलं की काहीतरी खोटं तरी कबूल करा, नाही तर एकामागून एक छळ चालूच राहील, असं तो लिहितो. मग त्याने सैतानाची गोष्ट रचली. पण तेवढ्याने सुटका नव्हती, आणखी कोणाकोणाला चेटकिणींच्या नाचात पाहिलं ते सांगा म्हणून त्याला गल्लीगल्लीने नावं घ्यायला लावली. पत्राच्या कडेला त्याने आपल्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांबद्दल लिहिलंय: त्यांनाही जबरदस्ती झाली, त्यांनी मरण्याआधी माझी क्षमा मागितली. ऑगस्टमध्ये त्याला मारलं. स्वीडिश सैन्य जवळ आलं, सम्राटाने दटावलं, तेव्हा कुठे १६३१ मध्ये हे थांबलं. बिशप पळून ऑस्ट्रियात गेला आणि तिकडेच मेला. बळी पडलेल्यांचं स्मारक आता गायर्सव्योर्थच्या वाड्याशी आहे.

समोरचा नवा राजवाडा, नोए रेसिडेन्झ, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाला आणि लोथार फ्रांत्स फॉन श्योनबोर्न या बिशपाने १६९७ ते १७०३ मध्ये त्याचा आजचा मुख्य भाग बांधून घेतला. हा गृहस्थ माइन्त्सचा आर्चबिशपही होता, आणि बांधकामाचा त्याला इतका नाद की त्या घराण्याला बांधकामाचा किडा लागलाय अशी तेव्हाची थट्टा. सम्राटांच्या दालनाची उंची बेताचीच, म्हणून चित्रकार मेल्कियोर श्टाइडलने भिंती-छतावर खांब आणि कमानी रंगवून ती वाढवली. मान वर करून पाहिलं की क्षणभर फसायला होतं. १८०६ मध्ये नेपोलियन इथे उतरला आणि प्रशियाविरुद्धच्या मोहिमेवर इथूनच निघाला. त्याचा सेनापती बेर्तिए १८१५ मध्ये इथल्याच खिडकीतून पडून मेला. ग्रीकांनी हाकललेला राजा ओटो शेवटची पाच वर्षं इथे राहिला, ग्रीक पोशाख मात्र त्याने सोडला नाही.

तोवर बिशपांचं राज्य संपलं होतं. १८०२-०३ मध्ये बव्हेरियाने मुलूख ताब्यात घेतला, सोनंनाणं म्युनिकला गेलं. हाइनरिश आणि कुनिगुंडेच्या नावाचे मुकुटही तिकडच्या खजिन्यातच आहेत. पुढे बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याला मध्ययुग शुद्ध स्वरूपात हवं होतं. १८२८ ते १८३७ दरम्यान त्याने कॅथीड्रलमधलं नंतरच्या शतकांतलं सगळं काढून टाकलं: वेदी, रंग, आणि बिशपांच्या कबरीसुद्धा. त्या उचलून शेजारच्या मिशाएल्सबेर्गच्या मठात पाठवल्या. गंमत म्हणजे याच उलथापालथीत, १८३० साली, बिशप गुंथरची कबर उघडली आणि त्यात बायझंटाइन रेशमाचं मोठं वस्त्र निघालं. पांढऱ्या घोड्यावर सम्राट, दोन्ही बाजूंना मुकुट आणि शिरस्त्राण घेऊन उभ्या स्त्रिया. गुंथर १०६५ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना वाटेत मेला होता, त्याच्या कफनासाठी हे वापरलं गेलं. ते आता कॅथीड्रलशेजारच्या म्युझियममध्ये आहे. माझ्या मते टेकडीवरची सर्वांत सुंदर वस्तू घोडेस्वार नसून हे विटलेलं रेशीम आहे, पण तिथे गर्दी कधी नसते.

नोए रेसिडेन्झमध्ये १९६५ पासून सरकारी ग्रंथालय आहे. हाइनरिश आणि कुनिगुंडेने दान केलेलं, सोनेरी पार्श्वभूमीवर रंगवलेलं अपोकॅलिप्सचं, म्हणजे बायबलमधल्या जगाच्या अंताविषयीच्या शेवटच्या पुस्तकाचं, हस्तलिखित तिथे आहे, आणि युनिउसच्या खटल्याचे कागदही तिथेच. बिशपच्या कारकुनांनी तेही पत्र इतर कागदांत फाइल करून ठेवलं होतं. राजवाड्याच्या तिकिटावर दालनं बघायला मिळतात, हे कागद नाही. त्यासाठी ग्रंथालयाच्या दाराने जावं लागतं.